रेडिएटरातलं पाणी

आमच्या सांगलीच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती आणि तिच्या डिकीत पाण्याचा कॅन कायम असे. मे महिन्यात आजोळी रत्नागिरीला जाताना तो मलकापूरला भरायचा, परतताना साखरप्याला. आंबा घाट चढताना तापमानाचा काटा उजवीकडे सरकू लागे. त्यात गाडीचा दोष नव्हता. तेव्हाच्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. चढावर इंजिनाला कष्ट सगळ्यात जास्त आणि समोरचा वारा सगळ्यात कमी. बाबा गाडी बाजूला घेत, बॉनेट उघडत, आम्हाला लांब उभं करत आणि मग नुसते थांबत. तापलेल्या रेडिएटरात पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

सांगलीच्या बोअरचं पाणी जड. काळ्या कातळातून येताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. न्हाणीघरातल्या बंबात बसायचा तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी हलकं, पण किंचित आम्लधर्मी, लोखंडाला गंज चढवणारं. आमच्या गाडीने दोन्ही पाणी प्यायली. शेवटी मिरजेच्या मेस्त्रींनी रेडिएटर उतरवला, वरच्या टाकीचा डाख सोडवला आणि पितळी नळ्यांतून एकेक करत पातळ पट्टी फिरवली. लालसर चिखल बाहेर पडत होता आणि मी तिथून हलायला तयार नव्हते.

आता बहुतेक गाड्यांच्या रेडिएटरच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. उघडून खरवडायची सोय गेली. म्हणून आत काय भरतो याला फार महत्त्व आलं. कूलंट थंड मुलखातल्या लोकांसाठी, असं अजूनही ऐकू येतं. पाणी गोठण्याची भीती सांगलीला नाही हे खरं, पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि ती हळूहळू संपतात. रंग मात्र तसाच राहतो. तपकिरी कूलंट बिघडलेलं असतंच. हिरवंगार दिसणारं चांगलं असेलच असं नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेली मुदत पाळावी.

माझी आताची गाडी जुनी घेतलेली, तिच्या सर्व्हिसिंगचे कागद नव्हते. टाकीतलं कूलंट फिक्या चहाच्या रंगाचं निघालं. गॅरेजचे मेस्त्री म्हणाले,

“ताई, केमिकल घालून फ्लश मारू. एकदम चकाचक.”

मी नको म्हटलं. मला इथे घाई पटत नाही. आम्ल क्षाराचा थर खातं, पण त्यातला कोणता थर बारीक भोक बुजवून बसलाय हे त्याला कळत नाही. शिवाय सुटलेले पापुद्रे हीटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन अडकतात. आधी पाहायचं ते तेल. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय असेल तर दुखणं बहुधा हेड गॅस्केटचं. तिथे कितीही धुऊन उपयोग नाही. तवंग नव्हता, गाडी तापतही नव्हती. साधं पाणी पुरेसं होतं.

थंड इंजिनावर खालचा नट सोडला, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, पाणी भरून इंजिन चालू केलं. वरची नळी बराच वेळ थंड राहून मग एकदम तापायला हवी. ती पहिल्यापासूनच कोमट होत गेली, तेव्हा कळलं की इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅटच कुणीतरी काढून टाकलाय. ‘आपल्याकडे थंडी कुठे?’ या समजुतीने हे सर्रास करतात आणि मला ते बघवत नाही. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन तापायला वेळ लावतं, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं. आम्ही नवा बसवला. मग भरा, तापवा, थंड होऊ द्या, सोडा, असं स्वच्छ पाणी येईपर्यंत. शेवटच्या खेपांना डिस्टिल्ड वॉटर, नळाचा क्षार आत राहू नये म्हणून.

एवढं करूनही खालच्या नटातून सगळं पाणी येत नाही. बरंचसं इंजिनाच्या ब्लॉकमध्येच राहतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून पुस्तकात एकूण लिटर पाहिले, त्याच्या निम्मं घट्ट कूलंट आधी घातलं आणि राहिलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टाकीतली पातळी बोटभर उतरली होती, म्हणजे आतली हवा निघाली होती. तेवढी भर घातली.

पहिल्यांदा निघालेलं तपकिरी कूलंट मी गटारात सोडू दिलं नाही. त्यातलं ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. मेस्त्री आधी हसले, मग झाकणाचा डबा शोधून आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहून तो वरच्या फळीवर ठेवलाय. जुनं ऑइल न्यायला माणूस गॅरेजच्या दारात येतो. या डब्यासाठी अजून कुणी येत नाही, म्हणून महापालिकेला अर्ज लिहायला घेतलाय.