तुमचा शाहरुख आणि आमचा सल्या

सिनेमाच्या पुरस्कारांवर मत द्यायला कुठलीही पदवी लागत नाही, म्हणून मीही देते. आमच्या घरी यावर पाच माणसांची सहा मतं असतात. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, यांच्या मते दिलीपकुमारनंतर अभिनयाचं बक्षीस बंदच करायला हवं होतं. आमच्या ह्यांना मारामारी नसलेल्या सिनेमात झोप लागते. मुलगी दहावीत आहे, तिला सगळं आधीच ठाऊक असतं. मुलगा सातवीत आहे, त्याला फक्त शाहरुख ठाऊक असतो. मी पडले उर्दू-मराठीची शिक्षिका. पडद्यावरचा माणूस दिसतो कसा यापेक्षा बोलतो कसा, इकडेच माझे कान असतात.

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली. २०२३ सालच्या चित्रपटांसाठीचे हे पुरस्कार. ‘जवान’साठी शाहरुख खान आणि ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला. ‘दीवाना’ १९९२चा. म्हणजे पडद्यावर येऊन ३३ वर्षं झाल्यावर शाहरुखला हा पहिला राष्ट्रीय पुरस्कार. त्याआधी १९८९मध्ये दूरदर्शनवर ‘फौजी’ लागायची, ती आमच्या पिढीला आठवत असेल. मुलाने घरात उड्या मारल्या. माझं मत विचाराल तर ‘जवान’मध्ये शाहरुख झकास आहे, पण त्याचं उत्तम काम ‘स्वदेस’ आणि ‘चक दे इंडिया’मध्ये आहे. ‘स्वदेस’च्या वर्षी हा पुरस्कार ‘हम तुम’साठी सैफ अली खानला गेला होता. गंमत म्हणजे यंदा ज्युरीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, ‘स्वदेस’चे दिग्दर्शक. उधारी फिटायला वीस वर्षं लागली, एवढंच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणापाशी भेटल्या. हसत म्हणाल्या, “काय मंग मॅडम, तुमच्या शाहरुखले भेटलंच शेवटी इनाम!” बोलण्यात प्रेमच होतं. ईदचा शिरखुर्मा त्यांच्याकडे पहिला जातो, दिवाळीचा फराळ आमच्याकडे पहिला येतो. मी म्हटलं, “माह्या एकलीचा कुठचा आला जी, साऱ्याइचा हाये थो!” दोघीही हसलो. पण ‘तुमच्या’ हा शब्द माझ्याबरोबर घरात आला. त्यांच्या मुलीच्या कपाटाच्या दारावर शाहरुखचं चित्र आमच्या घराच्या आधीपासून आहे. तरी पुरस्कार मिळाला की तो ‘तुमचा’ होतो. ‘चक दे’मधल्या कबीर खानचंही तेच झालं होतं. गोल चुकला तेव्हा तो ‘त्यांचा’ झाला, संघ जिंकला तेव्हा साऱ्या देशाचा.

सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘ट्वेल्थ फेल’. यावर घरात एकमत झालं, हे कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं. चंबळच्या एका गावात शाळेतच कॉपी चालते, एक पोलीस अधिकारी ती बंद करतो आणि नायक बारावी नापास होतो. ज्यांनी परीक्षेच्या काळात केंद्रावर पर्यवेक्षण केलं आहे, त्यांना हा भाग कादंबरी वाटणार नाही. प्रामाणिक नापासाला पुढे रस्ता आहे, हे मुलांना मी वर्गात सांगून जेवढं पटलं नसतं तेवढं त्या सिनेमाने पटवलं. तो खरा मनोजकुमार शर्मा पुढे आपल्याच महाराष्ट्र केडरमध्ये पोलीस अधिकारी झाला, हे कळल्यावर माझ्या विद्यार्थ्यांना तो जवळचा वाटू लागला.

त्याच यादीत आणखी एक नाव होतं. ‘द केरला स्टोरी’ला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. शाळेत नववीच्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला गाठलं. “टीचर, सरकारने इनाम दिया बोले तो वो सच्ची बात रहती क्या?”

मी तिला आमच्या निबंध स्पर्धेची आठवण दिली. अक्षर सुंदर म्हणून बक्षीस मिळालं, तर निबंधातली माहितीही बरोबर आहे असं होत नाही. पुरस्कार दिग्दर्शनाला असतो, कॅमेऱ्याला असतो, आवाजाला असतो. ज्युरीच्या खोलीत बसलेल्या काही माणसांना काम कसं वाटलं, त्याचा तो निकाल. खरं-खोटं वेगळं तपासायचं असतं. या सिनेमाच्या जाहिरातीत केरळच्या ३२ हजार मुलींचा आकडा होता. मे २०२३मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पश्चिम बंगालने घातलेली बंदी न्यायालयाने स्थगित केली, आणि त्याच वेळी या आकड्याला प्रमाणित आधार नाही व चित्रपट काल्पनिक मांडणी आहे, असा खुलासा सोबत दाखवायचं निर्मात्यांनी कबूल केलं. दोन्ही गोष्टी मी तिला सांगितल्या, कारण अर्धी बातमी सांगायची सवय आपण मुलांना लावू नये.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “फिर इनाम क्यूं दिया?” याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं.

हा प्रश्न मला नुसता सिनेमाचा वाटत नाही. दोन वर्षांनी माझी मुलगी बारावी करून अमरावतीला नाहीतर नागपूरला शिकायला जाईल, वसतिगृहात राहील. तिच्या खोलीतल्या मुलींपैकी एखादीने आयुष्यात एकही मुस्लिम घर आतून पाहिलेलं नसेल. सिनेमा मात्र पाहिलेला असेल. माझी मुलगी पेटी उघडण्याआधीच त्या सिनेमातल्या बाया त्या खोलीत जाऊन बसलेल्या असतील. तिथे तिला आपली ओळख करून द्यायची आहे, आणि तीही आधीची ओळख पुसून. म्हणून पुरस्कार कुणाला मिळाला यापेक्षा कुठली घरं पडद्यावर दिसतात याची चिंता मला जास्त आहे.

तर आता आपल्या मराठीकडे वळू. यंदाच्या यादीने मराठी शिक्षकांचं मन भरून आलं. बालकलाकारांच्या पुरस्कारात पाच मुलं होती, त्यांतली चार मराठी चित्रपटांतली. ‘जिप्सी’साठी कबीर खंदारे, आणि ‘नाळ २’साठी त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप. ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपटही ठरला. २३ सप्टेंबरला दिल्लीत साडी नेसून राष्ट्रपतींकडून पदक घेणारी चिमुकली त्रिशा सगळ्या देशाने पाहिली. यातला श्रीनिवास आपल्या अमरावतीचा. पहिल्या ‘नाळ’साठीही त्याला हा पुरस्कार मिळाला होता. त्याचा चैत्या आपल्या वर्गातल्या पोरांसारखाच बोलतो, आपल्याला दत्तक घेतलंय हे कळल्यावर आतल्या आत घुसमटतो. आमच्याकडे तो सिनेमा संपल्यावर अम्मींनी नातवंडांना जवळ घेऊन दाई हलीमांची गोष्ट सांगितली. आईपणाला जन्मच द्यावा लागतो असं नाही, हे त्यांना सुधाकर रेड्डी यक्कंटी या तेलुगू नावाच्या दिग्दर्शकाच्या मराठी सिनेमातून पुन्हा आठवलं.

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. पहिला ‘श्यामची आई’ १९५३चा, आचार्य अत्र्यांचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं होतं. सत्तर वर्षांनी तीच आई पुन्हा यादीत आली. आपल्या वाचकांना हेही माहीत असावं, की ज्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं, त्यांनीच ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकात पैगंबरांचं चरित्र मराठीत सांगितलं. कोकणातल्या ब्राह्मण घरातली ती आई माझ्या उर्दू शाळेतल्या मुलींना परकी वाटत नाही. तळव्यांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं सांगणारी आई कुठल्याही घरात असते.

माझी तक्रार इथेच सुरू होते. आम्ही त्यांच्या घरात सहज जातो. आमच्या घरात मात्र कॅमेरा येतो तो तंटा असला तरच.

६६व्या पुरस्कारांची यादी बघा, ऑगस्ट २०१९ची. पहिला ‘नाळ’ त्याच यादीत होता. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ‘भोंगा’. आजारी तान्हं बाळ, मशिदीचा भोंगा आणि त्यातून एका गरीब मुस्लिम कुटुंबापुढे उभा राहिलेला पेच, असा त्याचा विषय. दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील. ‘धग’साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा माणूस, गरिबाचं दुःख त्यांना दिसतं. त्यांनीच राजन खान यांच्या कथेवर ‘हलाल’ केला, तो २०१७मध्ये आला. त्याचा विषय तलाक आणि त्यानंतरचा निकाह. दोन्ही विषय खरे आहेत. आजारी बाळापुढे आवाज कमी करावा, यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही. तलाकने उद्ध्वस्त झालेली बाई आपल्यातही आहे, आणि तिच्याबद्दल आपणच आधी बोलायला हवं. पण ‘भोंगा’ चित्रपटगृहात आला मे २०२२मध्ये, राज्यात भोंग्यांवरून वातावरण तापलेलं असताना. बाळ बाजूला राहिलं आणि नाव तेवढं उरलं.

तक्रार या दोन सिनेमांबद्दल नाही. त्यांच्या आजूबाजूला दुसरं काही नाही, याबद्दल आहे. शंभर सिनेमांत आमचं घर दिसलं असतं आणि त्यात एक तलाकचा, एक भोंग्याचा असता, तर कुणाला काही वाटलं नसतं.

म्हणून मला ‘सैराट’मधला सल्या फार आवडतो. २०१६चा तो सिनेमा लोक आर्ची-परश्यासाठी बघतात. मी बघते सल्यासाठी. अरबाज शेखने केलेला हा सलीम परश्याचा दोस्त आहे, बस. गावातल्या इतर पोरांसारखीच मराठी तो बोलतो. त्याच्या तोंडी ‘जनाब’ नाही, ‘मियां’ नाही, गळ्यात ताईत दाखवून कॅमेरा थांबत नाही. दोस्तासाठी तो धावतो, मार खातो. त्याचा धर्म कुणी विचारत नाही आणि तोही सांगत बसत नाही. त्याला कुठला पुरस्कार नाही मिळाला. पण माझ्या हाती एक पुरस्कार असता तर मी तो सल्याला दिला असता.

दूरचित्रवाणीच्या पुरस्कारांबद्दल काय बोलावं! झी मराठी, स्टार प्रवाह या वाहिन्या दरवर्षी आपल्याच मालिकांना आपणच पुरस्कार देतात. परीक्षा आपली, पेपर आपला, विद्यार्थी आपलेच. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, आई, कुटुंब. अम्मी हा सोहळा शेवटपर्यंत बघतात आणि दर वर्षी म्हणतात, “सासूचं बक्षीस देताना सुनेला विचारलं का कुणी?” मीही आवडीने बघते, पण बघता बघता मोजत असते. एवढ्या वाड्यांमध्ये, एवढ्या चाळींमध्ये एक शेजारीण हाजराखाला नाही. भाजी आणायला, दवाखान्यात सोबत जायला, मुलीच्या लग्नात पोळ्या लाटायला ती नाही. आमच्या गल्लीत तर अशा बायांशिवाय एकाही लग्नाचा स्वयंपाक निघत नाही.

मग करायचं काय? निषेधाची पत्रं लिहून सिनेमे होत नाहीत. सिनेमा आधी कागदावर होतो, आणि कागद आपल्या हातात आहे. सप्टेंबरात मी नववीला निबंधाऐवजी मराठीत प्रसंग लिहायला दिला. विषय असा: तुमच्या घरातलं असं काही लिहा, जे पडद्यावर दाखवलं तर बघणाऱ्याला तुमचं घर कळेल.

एका मुलीने लिहिलं, मोठ्या बहिणीला डीएडला जायचं आहे आणि शिलाई मशीन विकायचं की नाही यावर रात्रभर घर जागं आहे. एकाने लिहिलं, दादीच्या चष्म्याची काडी तुटली आहे, ती दोरा बांधून कुराण वाचते आणि नवा चष्मा नको म्हणते, कारण नातवाची फी भरायची आहे. एका मुलाने संत्र्याचा बगीचा लिहिला. अब्बूंनी आंबिया बहार झाडावर असतानाच सौदा केला, इसार घेतला, आणि आठ दिवसांत फळगळ सुरू झाली. रोज सकाळी झाडाखाली पडलेली फळं तो आणि अब्बू न बोलता टोपलीत भरतात. व्यापारी येतो, झाडाकडे न बघता जमिनीकडे बघतो. शेंदूरजनाघाटात राहणाऱ्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही, मग त्याचं नाव काहीही असो. पस्तीस वह्या तपासल्या. एकाही वहीत भोंगा नव्हता, तलाक नव्हता. फी होती, पाऊस होता, दवाखाना होता, आईचा राग होता.

आपल्या वाचक घरांना माझी एवढीच विनंती आहे, की मुलांबरोबर बसून सिनेमा बघा आणि संपल्यावर टीव्ही लगेच बंद करून निघून जाऊ नका. हे खरं वाटलं का, असं कुठे पाहिलं आहेस का, तू असतास तर काय दाखवलं असतंस, एवढं विचारा. आणि उत्तर मराठीत लिहून ठेवायला सांगा. उर्दू आपली आहेच, पण शेजाऱ्याला वाचता येईल असं लिहायचं तर मराठीतच लिहावं लागेल.

फळगळीचा तो प्रसंग दोन मुलांनी आता मोबाईलवर चित्रित करायचं ठरवलं आहे. बगीचा मिळाला आहे, अब्बूंचं काम करायला खरे अब्बूच तयार आहेत, टोपल्याही जमल्या. व्यापारी व्हायला मात्र वर्गातलं एकही पोर तयार नाही.