तांब्याचा रेडिएटर

कसारा घाटाने आमच्या घराला पुष्कळ वर्षे पोसले. घाट चढून आलेल्या जुन्या मोटारी इगतपुरीजवळ वाफा टाकीत थांबत आणि अण्णा त्यांचे रेडिएटर दुरुस्त करून देत. तांब्याची जाळी, पितळी नळ्या आणि कथील-शिशाचा डाख. तोंडे बंद करून रेडिएटर हौदात बुडवायचा, हवा भरायची आणि बुडबुडा उठेल तिथे डाख लावायचा. अण्णांनी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण हौदापाशी त्यांचे बोट चुकलेले मी पाहिलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी आपली १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. इंजिन १०८९ सीसीचे. घाटात पाणी उकळे. त्यांनी मापे देऊन ॲल्युमिनियमचा रेडिएटर बनवून आणला होता. मला कोडे पडले. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस, मग हा उलटा व्यवहार कशासाठी? उलगडा अण्णांनीच केला. ॲल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून नळ्या रुंद ठेवता येतात, जाळीला त्यांचा स्पर्श जास्त होतो, आणि मध्ये डाखाचा थर नसतो.

परंतु नव्या वस्तूला त्यांनी लगेच हात लावला नाही. थर्मोस्टॅट तापत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहिले, पंख्याचा पट्टा ताणला, इंजिनातला गंजाचा गाळ उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला. "गुरुजी, हे राहिले तर सोन्याचा रेडिएटर बसवा, पाणी उकळणारच!" मग बैठकीखाली रबर घातले, टोपण नवे लावले. विहिरीचे क्षाराचे पाणी ॲल्युमिनियमला खाते, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरले.

आपलाच धंदा बुडवणारी वस्तू इतक्या निगुतीने कशाला बसवता, असे मी रात्री विचारले. "गाडी त्यांची आहे," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि न थांबता वर आलो. बॉनेट उघडले, वाफ नाही, थेंब नाही. गुरुजी हरखून गेले. मग त्यांनी विचारले, "अण्णा, हा कधी गळला तर तुम्ही आहातच ना?"

"याला आमचा डाख धरत नाही, गुरुजी. आर्गनचे वेल्डिंग लागते. नाशिकला न्या."