खांदेमळणी

मराठी भाषेने शरीराच्या ज्या अवयवांवर अधिक भार टाकला आहे, त्यांत खांद्याचा क्रमांक बराच वरचा लागेल. जबाबदारी खांद्यावर येऊन पडते, सहकारी खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि अखेरच्या प्रवासालाही चौघांचे खांदेच लागतात. इतकी ओझी वाहणारा हा सांधा प्रत्यक्षात मात्र शरीरातील मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत सहज निखळणारा आहे. ही गोष्ट मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आषाढातल्या पावसात शाळेच्या ओल्या पायरीवरून पडल्यानंतर कळली.

खुब्याचा सांधा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याच्या उखळीला उखळ म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. ती एक उथळ बशी आहे. दंडाच्या हाडाचे गोल डोके त्या बशीत जेमतेम टेकलेले असते आणि चार लहान स्नायू आपल्या कंडरांनी त्याला चारी बाजूंनी आवळून धरतात. हात पुढे, मागे, वर आणि गोलाकार फिरावा यासाठी निसर्गाने स्थैर्य देऊन स्वातंत्र्य विकत घेतले आहे. माझ्या उजव्या खांद्याचे हाड पुढच्या बाजूला निसटले होते. ते त्याच दुपारी जागेवर बसवण्यात आले; पण चाळिशीनंतर खांदा निखळला तर त्यासोबत कंडरही फाटण्याची शक्यता वाढते, आणि माझ्या बाबतीत तसेच झाले होते. चारांपैकी एक कंडर अर्धवट फाटला होता. शस्त्रक्रिया टळली. तीन आठवडे हात झोळीत, आणि मग व्यायाम.

येथवर माझी कहाणी इतर शेकडो जणांसारखीच आहे. फरक एवढाच की, दिवसा प्राथमिक शाळेत शिकवणारी मी संध्याकाळी कोल्हापुरातील एका पेठेच्या तालमीत मुलींना मर्दानी खेळ शिकवते. वयाच्या अकराव्या वर्षी मी पहिल्यांदा हातात लाठी घेतली. लाठीनंतर फरी-गदका आला, बनेठी आली आणि मग पट्टा आला. लग्नानंतर नऊ वर्षे सारे बंद होते. ते पुन्हा सुरू केले तेव्हा घरात थोडी कुरबुर झाली, तीही कालांतराने शमली.

पट्ट्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्याच्या मुठीत आहे. तलवारीची मूठ बोटांत धरतात, त्यामुळे मनगट मोकळे राहते आणि वाराची दिशा ऐन वेळी मनगटाने बदलता येते. पट्ट्याला मात्र लोखंडी खोबळा असतो. त्यात मूठ घातली की हात कोपराच्या जवळपासपर्यंत झाकला जातो आणि मनगट जवळजवळ बंदिस्त होते. हात आणि लांब, लवचीक, दुधारी पाते मिळून एकच अवयव तयार होतो. मग तो फिरवायचा कशाने? कोपराने थोडा, कमरेने बराच आणि खांद्याने सर्वांत जास्त. 2024 साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा आमच्या तालमीत पेढे वाटले गेले. ज्याला हे शस्त्र चालवायचे आहे त्याला मात्र पहिला मान आपल्या खांद्याला द्यावा लागतो.

डॉक्टरांना मी विचारले, "पट्टा कधी फिरवता येईल?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, या वयात कशाला हवा आहे?" त्यांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, काळजीच होती. तरीही तो प्रश्न मला दुखऱ्या खांद्यापेक्षा अधिक लागला. पुढचे कित्येक दिवस मी त्याचे उत्तर शोधत होते. आरोग्यासाठी? त्यासाठी रंकाळ्याला फेरी मारणे पुरेसे आहे. संरक्षणासाठी? पट्टा घेऊन कोणी बाजारात जात नाही. परंपरेसाठी म्हणावे, तर परंपरा माझ्यावाचून अडलेली नाही. माझ्या हाताखाली तयार झालेली एकोणीस वर्षांची मुलगी माझ्या गैरहजेरीत वर्ग उत्तम चालवत होती. पटण्याजोगे उत्तर मिळाले नाही. आवड ही गोष्ट कारणांच्या आधी जन्मते आणि कारणे मागाहून तिच्यासाठी गोळा केली जातात, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

झोळीतल्या त्या तीन आठवड्यांनी घरातील प्रत्येक कामात खांदा किती दडलेला असतो हे दाखवून दिले. पदर खांद्यावरून घेणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, फडताळातला वरचा डबा काढणे, कणीक मळणे, पाठीमागे हात नेऊन एखादा हूक लावणे. आणि वेणी. वेणी घालण्यासाठी दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात, ही साधी बाब आयुष्यात एकदाही माझ्या मनात आली नव्हती. ते काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतले. माझ्या तालमीत जाण्याला एकेकाळी सर्वांत अधिक विरोध त्यांचाच होता. रोज सकाळी त्या माझ्या मागे पाटावर बसत, तेल चोपडीत आणि काहीही न बोलता घट्ट वेणी घालीत. एके दिवशी मात्र त्यांनी विचारले, "बरा झाला की पुन्हा जाणार तिथं?" मी "हो" म्हटले. त्यांनी भांग मोडला, पुन्हा पाडला, आणि त्या दिवशीची वेणी जरा जास्तच घट्ट बसली.

त्याच सुमारास माहेरी बेंदराला गेले होते. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. दादाने जोडीला गरम पाण्याने धुतले, मग तूप आणि हळद घेऊन, जिथे जू बसते तो भाग तो कितीतरी वेळ चोळत राहिला. वर्षभर नांगर, कुळव आणि गाडी ओढून तिथली कातडी जाड आणि खडबडीत झालेली असते. बैल डोळे अर्धे मिटून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचे नसते. झोळीत हात अडकवून ओसरीवर बसलेली मी ते पाहत होते. आमच्या पूर्वजांनी खांद्याच्या विश्रांतीला सणाच्या विधीत जागा दिली, पण ती बैलांच्या खांद्याला. माणसांच्या, त्यातही बायकांच्या, खांद्यासाठी पंचांगात एखादी तिथी का राखून ठेवली नसेल, असा एक खट्याळ विचार मनात आला. दादाला बोलून दाखवला, तर तो म्हणाला, "ताई, तुपाचा हात आहेच, ये तुझाही मळतो."

झोळी निघाली तेव्हा हाताची स्थिती पाहून मी घाबरले. दंड सुकला होता. न वापरलेला स्नायू किती झपाट्याने झडतो याची कल्पना मला मुलींना शिकवून होती. ती स्वतःच्या शरीरावर पाहणे निराळे. फिजिओथेरपिस्ट माझ्या निम्म्या वयाची होती. पहिल्या दिवशी तिने मला टेबलाला डावा हात टेकवून कमरेतून वाकायला सांगितले, उजवा हात सैल सोडायला लावला आणि म्हणाली, "मॅडम, हात हलवायचा नाही, हलू द्यायचा." शरीराच्या झोक्याने हात लंबकासारखा डोलू लागला. हा व्यायाम अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकी शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. खांद्यावरचा त्याचा ग्रंथ 1934 साली प्रसिद्ध झाला. मला मात्र तो झोका परका वाटला नाही. तालमीतला मुद्गल हेच शिकवतो. मुद्गल बळाने उचलून फिरवू पाहणारा नवशिका दहा फेऱ्यांत दमतो. जुना माणूस त्याला पाठीमागे सोडून देतो, त्याच्या वजनाने त्याला झुलू देतो आणि परतीच्या क्षणी नेमका आधार देतो. हेच मुद्गल पाहून एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिकांनी तो व्यायाम आपल्या देशात नेला आणि पुढे 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. आपली वस्तू परदेशी जाऊन पदक मिळवून आली, आणि आमच्या तालमीत ती कोपऱ्यात धूळ खात उभी असते, हे जाता जाता सांगून ठेवते.

नंतरचा व्यायाम भिंतीवरचा होता. भिंतीसमोर उभे राहून दोन बोटांनी मुंगीसारखे वर चढत जायचे आणि दुखू लागेल तिथे थांबायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी दर रविवारी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहू लागले. मुलगा लहान असताना त्याची उंची ज्या भिंतीवर मोजली होती, तीच ही भिंत. शेजारी शेजारी दोन शिड्या दिसत: एक त्याच्या वाढीची, एक माझ्या हाताची. काही आठवडे खूण तसूभरही हलत नसे. एका आठवड्यात ती खाली आली. कंडराला रक्ताचा पुरवठा स्नायूपेक्षा कमी असतो, म्हणून तो सावकाश भरून येतो. स्नायू जोर धरू लागला म्हणून कंडरही तयार झाला असे समजू नये, हे फिजिओथेरपिस्टने मला बजावून ठेवले होते. तिने आणखी एक गोष्ट शिकवली. हात पूर्ण वर जातो तेव्हा त्या 180 अंशांपैकी सुमारे 120 अंश खांद्याचा सांधा देतो आणि उरलेले 60 अंश पाठीवरचे फऱ्याचे हाड सरकून देते. माझा फरा भीतीने थिजला होता. तो जागेवर येईपर्यंत नुसते दंडाला पळवून उपयोग नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी मी फळ्याच्या सर्वांत वरच्या ओळीवर तारीख लिहिली. तोवर ती ओळ वर्गातली उंच मुले खुर्चीवर चढून लिहीत असत.

मार्गशीर्षात तालमीत पाऊल टाकले. वस्तादांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. ते हौद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. मी पाया पडले. त्यांनी माझा खांदा दाबून पाहिला, हात वर करवला आणि म्हणाले, "पोरी, वेताची काठी घे." वेताची काठी आमच्याकडे अकरा वर्षांच्या मुलींना देतात. ज्या मुलींना मी शिकवले त्यांच्याच रांगेच्या शेवटी उभे राहून मी पायांचे पवित्रे टाकू लागले. लाज वाटली का? पहिल्या दिवशी वाटली. आठवड्यानंतर असे लक्षात आले की, हात हळू चालत असल्यामुळे मला माझे पाय दिसू लागले आहेत. इतकी वर्षे खांद्याच्या जोरावर खपून गेलेले पवित्रे होते ते. जोर मात्र अजून जमिनीवर काढता येत नव्हते. ते भिंतीला हात टेकून, मग टेबलाला टेकून, मग पायरीवर, असे उतरत गेले. सहा किलोचा मुद्गल बाजूला ठेवून पाण्याची लिटरभर बाटली फिरवली. मुली हसल्या. मीही हसले.

फाल्गुनात खोबळ्यात हात घातला. पट्टा फिरला. पूर्वीचा वेग नव्हता, पण त्याचा सूं असा आवाज मात्र तोच होता. खरा प्रश्न पुढे होता. आमच्या प्रात्यक्षिकात शेवटी लिंबू काढणी असते: समोरच्या माणसाच्या तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याच्या एका वारात कापायचे, हाताला ओरखडाही न उमटता. अठरा वर्षे ते काम माझे होते. आता जमिनीवर ठेवलेली लिंबे मी कापू लागले. रोज दहा. बहुतेक नीट कापली जात. पण शंभरात तीन-चार वेळा हात वाराच्या अखेरीस किंचित खाली उतरे. लिंबू जमिनीवर असताना त्याने काही बिघडत नाही. खाली कोणाचा तळहात असेल, तर तीन-चार हा आकडा फार मोठा आहे. माझ्या सरावासाठी दुसऱ्याची बोटे पणाला लावण्याचा अधिकार मला नव्हता. मी वस्तादांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, समजूतही काढली नाही. फक्त विचारले, "मग तुझ्या जागी कोण?" मी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवले.

"आणि तिच्यासमोर हात कोण धरणार?" त्यांनी विचारले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरला. लिंबू तळहातावर ठेवले. हात असा स्थिर धरून ठेवणे हे दुखऱ्या खांद्यासाठी पट्टा फिरवण्याहून कठीण असते. काही क्षणांतच दंड जड होतो आणि तळहात कापू लागतो. मुलीने पवित्रा घेतला, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. गर्दीत सासूबाई बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मी फरा खाली ओढून घट्ट केला, शिकवल्याप्रमाणे, आणि श्वास सोडला.

लिंबाच्या दोन फाकी हौद्याच्या तांबड्या मातीत पडल्या. वस्तादांनी त्या उचलून घेतल्या, धोतराला पुसल्या आणि एक माझ्या हातात, एक तिच्या हातात दिली.