'सायलेन्सर जप्त' आणि माझी एक चूक

थोडं लांब झालंय, वेळ असेल तर वाचा.

चार वर्षांपूर्वी माझी एक बातमी लागली होती : 'सायलेन्सरसह पिस्तूल जप्त, तरुण ताब्यात'. आपल्याकडे सायलेन्सर जप्त म्हटलं की बुलेटचे फटफटणारे सायलेन्सर आणि त्यावरून फिरवलेला रोडरोलर आठवतो. हा तसला नव्हता. पोरगा वीसेक वर्षांचा, रील बनवायला प्लास्टिकच्या छर्ऱ्यांचं खेळण्यातलं पिस्तूल ऑनलाइन मागवलेलं, पुढे जाडसर काळी नळी. मी फोटो बघितला, पोलीस ठाण्याची नोट बघितली आणि दिली ठोकून बातमी. नळीच्या आत काय आहे, हे विचारलंच नाही.

आत काहीच नव्हतं. पोकळ नळी, नुसती दिखाव्याला.

खऱ्या सायलेन्सरच्या आत एकामागे एक पडदे असतात, मधोमध गोळी जाण्यापुरतं भोक. गोळीमागून सुटलेला तापलेला वायू त्या कप्प्यांत पसरतो, अडतो, थंडावतो आणि मग बाहेर पडतो. म्हणून आवाज घटतो. तोही साधारण २० ते ३५ डेसिबलने. बंदुकीचा बार असतो १६० च्या आसपास, तेव्हा सिनेमातलं ते 'फुस्स' विसरा. गोळी आवाजापेक्षा वेगवान असेल, तर तिचा कडाका उरतोच.

कायदाही हेच विचारतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच बाराचा आवाज किंवा झोत कमी करण्यासाठी बनवलेली साधनं धरली आहेत. म्हणजे खरा सायलेन्सर पिस्तुलाविना, सुटा सापडला तरी विनापरवाना अग्निशस्त्रच! (अमेरिकेतसुद्धा १९३४ पासून त्याची नोंदणी लागते, शोभेच्या पोकळ नळ्या मात्र तिथे दुकानात मिळतात.) आवाज कमी करायला बनवलेलीच नाही, ती नळी या व्याख्येत बसवायची कशी? खोटं पिस्तूल दाखवून कुणाला धमकावलं तर गुन्हा होतोच, आणि परवान्याशिवाय नकलीचं असली केलं तरीही. या पोराने दोन्हीतलं काही केलं नव्हतं. आरशासमोर उभा राहून गाणं लावलं होतं, बस्स.

तपासणीत खेळणं निघालं. आम्ही पाचव्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. तोवर मोबाइलच्या दुकानातलं त्याचं काम गेलं होतं.

मागच्या आठवड्यात बाजारात त्याची आई भेटली. रागावली नाही. म्हणाली, "दादा, ती बातमी मोबाइलवरनं काढता येती का? पोरगी बघायला जायचंय, लोक नाव टाकून बघत्यात."

ऑफिसला दोनदा मेल केलाय. आज सकाळी बघितलं, लिंक अजून उघडतेय.