मे महिना, नागपूर आणि गाडीतला फ्रीज

ती. ताईस,


मे महिन्यात नागपूरहून समृद्धी महामार्गावरून मुंबई गाठायची, आईचं महिन्याभराचं इन्सुलिन बरोबर न्यायचं आणि त्यासाठी भाऊजींनी गाडीत ठेवायची एक स्वस्त गार पेटी पसंत केली आहे, असं कळलं. पैसे मोजण्याआधी हे पत्र त्यांना वाचून दाखव.

अशा पेट्या दोन जातींच्या, आणि दुकानात दोघींनाही फ्रीजच म्हणतात. स्वस्त पेटीत झां पेल्तिए या फ्रेंच संशोधकाने 1834 मध्ये नोंदवलेला परिणाम वापरतात: विशिष्ट जोडातून वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम होते. ही पेटी भोवतालच्या हवेपेक्षा साधारण 15 ते 20 अंश खाली जाते. बंद गाडीचं तापमान 44 अंश असेल, तर आत 24 मिळाले तरी खूप. पाण्याच्या बाटल्यांना ते चालेल. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. तिथे कॉम्प्रेसरचाच फ्रीज हवा.

तोही जादू करत नाही. आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, एवढंच. ती जिथून बाहेर पडते त्या जाळीसमोर बॅगा रचल्या की टाकलेली उष्णता तिथेच घुटमळते आणि मोटर दमते. म्हणून जाळी मोकळी, बाकी अंगावर जाड चादर, आणि जागा डिकीत नव्हे तर एसीच्या हवेत. आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज आणि सामान दोन्ही गार करून घ्यावं. कोमट बाटल्या भरून निघालं की पुढचे कित्येक तास त्या गार करण्यातच जातात. रिकामी जागा गोठवलेल्या बाटल्यांनी भरावी: एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता शोषतो, म्हणजे दोन लिटर पाणी 40 अंशांवरून शून्यावर आणण्याइतकी.

विजेचं दुखणं वेगळंच. फ्रीज भर उन्हात आपोआप बंद पडला की दोष कंपनीला मिळतो. पुष्कळदा गुन्हेगार असते लांब, बारीक वायर. तिच्यात व्होल्टेज पडतं, बॅटरी उतरली असं फ्रीजला वाटतं आणि तो थांबतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेटही बंद. जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा आणि झाकण उघडू नका.

आता उलटा धोका, गोठण्याचा. लसीकरणाला जाणाऱ्या आरोग्यसेविका डब्यात बर्फाच्या पट्ट्या थेट भरत नाहीत. आधी बाहेर ठेवतात, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरतात, कारण काही लसी गोठल्या की वाया जातात. इन्सुलिनचंही तसंच. ते बर्फाला किंवा थंड भिंतीला टेकू देऊ नये. मधोमध, टॉवेलात गुंडाळून ठेवावं. शेजारी साधा थर्मामीटर असू दे, फ्रीजच्या आकड्यावर विसंबू नका.

एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखंच दिसलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. हे भाऊजींना दोनदा वाचून दाखव.

तुझा,
धाकटा भाऊ