हिशेबाचा हक्क

वेतनाच्या तंट्यांची जुनी कागदपत्रे चाळताना एक गोष्ट मला नेहमी जाणवत आली आहे. एकटा कामगार मालकास अर्ज लिहितो तेव्हा त्यात ‘कृपा’, ‘उपकार’, ‘गरीबावर दया’ असे शब्द येतात. तोच संघटनेच्या वतीने लिहू लागला की महागाई, नफा आणि ताळेबंद ह्यांची भाषा सुरू होते. माणूस तोच, गरजही तीच. परंतु पहिल्या कागदात तो दान मागतो, दुसऱ्यात हिशेब. उत्पन्नातील विषमता कमी करण्याचे कामगार संघटनांचे सामर्थ्य मला ह्या फरकात दिसते.

आम्हा बडोदेकरांस ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. प्लेगच्या भयाने कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून अहमदाबादच्या गिरणीमालकांनी १९१७ साली त्यांस प्लेग-बोनस दिला होता. साथ ओसरताच १९१८ च्या आरंभी तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांपुढे जाईनात. महात्मा गांधींनी मुंबईचे पगार आणि वाढलेले बाजारभाव पडताळून पस्तीस टक्के हा आकडा काढला. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूला त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. टाळेबंदी, संप आणि अखेर गांधीजींचे तीन दिवसांचे उपोषण, इतके झाल्यावर १८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस! लवाद होते संस्कृतज्ञ पंडित आनंदशंकर ध्रुव. ऑगस्टमध्ये त्यांनी निवाडा दिला तो पस्तीस टक्क्यांचाच. महादेवभाई देसाईंनी ह्या लढ्याच्या इतिहासास ‘एक धर्मयुद्ध’ असे नाव दिले. त्यातूनच १९२० साली तेथे ‘मजूर महाजन’ ही संघटना उभी राहिली.

मालकाकडे हिशेब मागणे हे औद्धत्य आहे, असे पुष्कळ सज्जनांस मनातून वाटते. पण आपल्या देवस्थानांच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा उठून प्रश्न विचारणाऱ्या भाविकाला कोणी उद्धट म्हणत नाही. ज्यात आपलाही वाटा आहे त्याचा हिशेब विचारावा, हे तेथे आपण सहज मान्य करतो.

मात्र कामगारांची ही एकजूट पुष्कळदा कारखान्याच्या दारापाशीच थांबते. त्याच अहमदाबादच्या कापडबाजारात गठ्ठे डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रियांस कित्येक वर्षे कोणी वाली नव्हता. १९७१ साली मजूर महाजनाच्या महिला विभागाच्या प्रमुख इला भट्ट ह्यांनी त्यांची स्थिती वृत्तपत्रात मांडली. व्यापाऱ्यांनी आरोप नाकारले आणि आपण किती रास्त दर देतो तेही छापून आणले. महिला विभागाने तेच दर कार्डांवर छापून त्या स्त्रियांच्या हाती दिले! पुढे ‘सेवा’ ही संघटना नोंदविण्याची वेळ आली, तेव्हा तुमचा मालकच नाही, मग तुमची संघटना कोणाविरुद्ध, अशी हरकत निघाली. इलाबेन स्वतः कायद्याच्या पदवीधर. संघटना कोणाविरुद्ध नसते, ती कामकऱ्यांच्या ऐक्यासाठी असते, हे त्यांच्या बाजूचे उत्तर होते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली.

आज आपल्या देशातील बहुसंख्य श्रमिक अशा दाराबाहेरच आहेत. दुचाकीवरून घरोघरी अन्न पोहोचविणाऱ्या तरुणांस त्यांच्या कंपन्या ‘नोकर’ म्हणत नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात. शब्द मोठा गौरवाचा आहे. पण १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदारास असतो. ह्या तरुणांपैकी एकाने एकट्याने त्या वह्या मागितल्या, तर त्याचे काय होईल हे सांगण्यास वकील नको. सर्वांनी मिळून मागितल्या, तर निदान त्यांस उत्तर तरी द्यावे लागेल.