दाढीवाल्यांची भाजी

आमच्या विंचूरमध्ये भाजीवाचून कुणाचं अडल्याचं आम्ही कधी ऐकलेलं नाही. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार गावातच आहे. कांद्याचे ट्रॅक्टर दारावरून जातात आणि भाव पडला की टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतलेले दिसतात. द्राक्षं तर एवढी की वाइन पार्कसुद्धा आमच्याच शिवारात आलं (त्याच्याशी आमचा काही संबंध नाही, हे आपलं सांगून ठेवतो). अशा गावात गेल्या हिवाळ्यात आमचं अख्खं घर चिमूटभर पाल्यासाठी वणवण करत होतं.

त्याचं झालं असं. धाकटा पुण्याला शिकतो. खोलीमालकाने घरात जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं, तसा तो डिसेंबरातल्या एका पहाटे काचेची पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीत वीतभर लांबीचे दोन सरडे. अंगावर काटे आणि गळ्याखाली खवल्यांची झालर. चिडले की ती झालर फुगते आणि काळी होते, म्हणून यांना बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ही पिल्लं मात्र पुण्यात कुणीतरी घरीच पैदास केलेली, जेमतेम दोन महिन्यांची.

मोहल्ल्यात बातमी पसरली की आम्ही घोरपड पाळली. हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. घोरपड ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटीपाशी नेऊन ही घोरपड नव्हे, हे दाखवत बसावं लागलं. शेवटी कुणीतरी ‘दाढीवाले’ असं नाव ठेवलं. आमच्या गल्लीत दाढीवाल्यांची काही कमी नाही, आणखी दोन आले.

अम्मीला मात्र यातलं काहीच पटेना. पाल मारली की सवाब मिळतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं.

“जिसकू मारने में सवाब, उसकू तू रजई में लपेट के लाया?” ती म्हणाली.

“दादी, ये वो नहीं है.”

“दुम है ना? बस.”

आठवडाभराने परीक्षेसाठी मुलगा परत गेला. जाताना भिंतीवर एक कागद चिकटवून गेला. सकाळी दिवा लावायचा. दिव्याखालच्या दगडाला चाळीस अंशांच्या आसपास ऊब हवी, त्याशिवाय यांना अन्न पचत नाही. आधी बारीक चिरलेला पाला, मग रातकिडे. रातकिड्यांना कॅल्शियमची पावडर लावायची. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात. टोमॅटो नको. द्राक्ष फार तर कधीमधी एखादा तुकडा. आणि कांदा-लसूण अजिबात नाही, विषच. अम्मीने कागद वाचून घेतला आणि म्हणाली, “फिर विंचूर कायकू आए ये?”

रातकिडे ते असे गिळायचे की बघत राहावं. पाल्याकडे ढुंकून पाहायचे नाहीत. कोथिंबिरीवर पाय देऊन पलीकडे जायचे, मेथीवर बसून घाण करायचे. या वयात त्यांचं तीन हिस्से जेवण किड्यांचंच असतं आणि मोठेपणी हिशेब उलटा होतो, मग पाला जास्त आणि किडे कमी. तर मग आत्ताच एवढी घाई कशाला, असं आम्ही फोनवर विचारलं. मुलगा म्हणाला, “अब्बा, लहानपणी तोंडाला चव लागली नाही तर मोठेपणी किड्यांसाठी अडून बसतात, आणि नुसत्या किड्यांवर लठ्ठ होऊन आजारी पडतात.” हे आम्हाला कोण सांगत होतं? खिमा नसला तर ताटावरून उठून जाणारा, दुधीचं नाव काढलं की पोटात दुखणारा आमचाच चिरंजीव.

आम्ही आमच्या वडिलांचा उपाय केला. भूक लागली की झक मारत खातील, असं म्हणून रातकिडे बंद केले. तीन दिवस पेटीत फक्त मेथी. त्यात थंडीचा कडाका. निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. शिवाय वीज दिवसातून दोनदा जायची. तिसऱ्या दिवशी दोघेही काळपट पडले, पोटं खपाटीला गेली. फोनवर मुलगा आमच्यावर पहिल्यांदाच ओरडला. मोठ्यांना एखादा दिवस उपास चालतो, पण पिल्लांना नाही. आणि गार पडलेल्या पिल्लाला भूक लागणार तरी कशी? आम्ही गुमान ऐकून घेतलं.

त्या दोघांत एक थोरला होता आणि एक लहानखुरा. थोरला जवळ आला की लहानखुरा पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवायचा. पोरी म्हणायच्या, सलाम करतोय. येईल त्याला आम्ही कौतुकाने दाखवायचो. हे पुढे कळलं की त्याचा अर्थ ‘मी लहान आहे, मला मारू नको’ असा असतो, आणि दोघांना एका पेटीत ठेवणंच चूक होतं. थोरला त्याच्या वाटचे किडेही खायचा.

जानेवारीत कुरिअरने मागवलेले रातकिडे वाटेतच गारठून मेले. पोरांनी शक्कल काढली आणि द्राक्षबागेच्या बांधावरून नाकतोडे धरून आणले. थोरला आदल्या दिवशीच जेवलेला होता. आम्हाला लहानखुऱ्याची कीव आली, म्हणून सगळे नाकतोडे त्यालाच दिले. त्याने मोठ्या हौशीने खाल्ले. संध्याकाळी त्याचे पाय थरथरायला लागले, मान वाकडी झाली आणि फजरच्या अजानपूर्वी तो गेला. त्या बागेत दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली होती, हे नंतर समजलं. समजलं म्हणजे काय, माहीतच होतं. या दिवसांत कुठल्या बागेत फवारणी नसते? आमच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

शेवग्याखाली खड्डा करून त्याला पुरलं. अम्मी ओट्यावर बसून पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने त्या बाईची हकीकत सांगितली, जी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्या बाईने मांजर बांधून ठेवलं होतं. तिने त्याला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडे-मकोडे स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. मांजर मेलं, बाई दोजखात गेली. “बंद किए ना तुम, तो हिसाब तुमकूच देना है,” अम्मी म्हणाली. पालीच्या सवाबाचा विषय तिने त्या दिवसापासून काढला नाही.

त्यानंतर पाला शोधायची जबाबदारी तिने आपल्याकडे घेतली आणि आमच्यासमोर एक वेगळंच विंचूर उभं राहिलं. फवारा न मारलेलं पान कुठे मिळेल? बाजारातली मेथीची जुडी तिने हातात घेतली. विकणारी मावशी अभिमानाने म्हणाली, “पानाला एक भोक दाखवा, परवाच औषध मारलंय.” अम्मीने जुडी खाली ठेवली. मग तीच जुडी आम्ही घरासाठी घेतली आणि रात्री भाकरीबरोबर खाल्ली, हेही सांगायला हवं. बकऱ्यांसाठी घास येतो तो एका ओळखीच्याच्या शेतातून, पण त्याचा बांध द्राक्षाला लागून. कांद्याच्या वाफ्यात उगवणारी पाथरी या जनावरांना चांगली, पण कांद्याला जे मारतात ते पाथरीलाही लागतंच. भाजीने भरलेल्या गावात वीतभर सरड्याला भरवसा ठेवून द्यावं असं पान सापडेना.

शेवटी अम्मीने डब्यातले मेथीदाणे भिजत घातले आणि कान तुटलेल्या तसराळ्यात पेरले. आठ-दहा दिवसांत बोटभर मेथी उभी राहिली. दारातला शेवगा होताच. त्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर, हे कळल्यावर तिला शेवग्याचा नव्याने अभिमान वाटू लागला. परसातली जास्वंदीची फुलं आणि माळ्यावरच्या लाल भोपळ्याचा किसही त्यात आला.

खाऊ घालण्याची युक्तीही तिचीच. या जनावराला हलणारी वस्तू आधी दिसते, पडलेला पाला त्याच्या लेखी जमीनच. तिने शेवग्याची डहाळी दोऱ्याला बांधली, पेटीत सोडली आणि तसबीहचे मणी ओढावेत तशी हळूहळू हलवत राहिली. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही तिला उठवायला गेलो तर म्हणाली, “तुमकू दूध छुडाने को मेरेकू चार महिने लगे थे.” पाचव्या दिवशी थोरल्याने डहाळीवर झडप घातली, पान तोंडात धरलं, फसवणूक लक्षात आल्यासारखा थांबला आणि गिळलं. मग जास्वंदीची लाल पाकळी. लाल रंगावर तो लवकर यायचा. त्यानंतर आम्ही मेथी अगदी बारीक चिरून, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान तुकडे करून, त्यातच रातकिडे सोडू लागलो. किडा पकडताना पानही तोंडात जायचं. उपाशी ठेवायचं नाही, पण दिवसाचं पहिलं ताट पाल्याचंच. महिनाभरात तो सकाळी दिवा लागला की वाटीपाशी येऊन बसायला लागला.

रमजान लागला. अम्मी सहरीला उठायची. नमाज आणि तिलावत झाली की दिवा लावायची, दगड तापेपर्यंत पेटीजवळ बसून राहायची आणि रोज्याच्या तोंडाने त्याच्यासाठी मेथी खुडायची. एका सकाळी मुलाचा फोन आला. ख्याली-खुशाली न विचारता त्याने पहिला प्रश्न केला, “दादी, खाया क्या उसने?”

“खाया. भोपळा भी खाया,” अम्मी म्हणाली. “तू बता. मेस में दुधी देते ना? खाता क्या?”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.